सोसायटी ग्रुप: सायकल ट्रॅकवरच्या गाड्या कोणाच्या?

(पुणे, सातारा रस्त्यालगतची एक सोसायटी. शनिवार सकाळ.)

ए-६०३: सुप्रभात. एक विषय मांडतो, कोणी अंगाला लावून घेऊ नका. आज साडेसहाला मिसेसना स्वारगेटला सोडायला निघालो. पद्मावतीच्या अलीकडे सायकलवाल्यांचा ताफा. दोन-दोनच्या जोड्या, गप्पा चालू. हॉर्न दिला तर एकाने वळून असं बघितलं की रस्ता त्याच्या तीर्थरूपांचाच. शेजारी महापालिकेने पैसे खर्चून सायकल ट्रॅक केलाय. तिथून जायला काय होतं?

सी-१०३: 🌹 शुभ शनिवार. जय हनुमान 🌹

बी-५०२: पाणी नाहीये का आज?

सेक्रेटरी: टाकी धुताहेत. काल लिफ्टमध्ये नोटीस लावली होती.

बी-३०६: ६०३ सर, १०० टक्के सहमत. हेल्मेट, गॉगल, तंग कपडे घातले की यांना वाटतं सिग्नल आपल्यासाठी नाहीच.

सी-४०१: दादा, तो ताफा आमचा नव्हता, आम्ही सव्वापाचलाच कात्रजच्या जुन्या बोगद्याकडे निघतो. पण बोलते. रहदारी सुरू झाल्यावर जोडीने चालवणं चूक. आमच्या ग्रुपमध्ये मागून गाडी आली की शेवटचा ओरडतो आणि सगळे एकामागे एक होतात. सिग्नल तोडणाऱ्याला तर आम्हीच झापतो. राहिला ट्रॅक. बाल्कनीत या आणि गेटच्या उजव्या हाताला बघा.

सी-४०१: बघितलंत?

बी-३०६: गाड्या उभ्या आहेत.

सी-४०१: कुठे उभ्या आहेत?

बी-३०६: हो हो, ट्रॅकवर. कळलं मला. 🙏

सी-४०१: चार आहेत. त्यातल्या दोघांच्या काचेवर आपल्या सोसायटीचं स्टिकर आहे. तिसरी पाहुण्यांची असावी, चौथीचं माहीत नाही. त्याच्यापुढे विजेच्या डीपीचा बॉक्स, मग वडापावची गाडी, मग बसस्टॉपची माणसं. सायकलवाल्याने तिथे काय, उडी मारायची?

ए-६०३: स्टिकरवाली एक माझी आहे. दुसऱ्या गाडीला पार्किंग नाही. सेक्रेटरी साहेबांना तीन पत्रं दिलीत.

सेक्रेटरी: सर, एका फ्लॅटला एक पार्किंग हा ठराव आहे. पत्रं फाईलला आहेत.

बी-२०१: नमस्कार मंडळी. २००६ च्या डिसेंबरात इथे बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली त्या सुमारास हे ट्रॅक झाले. तेव्हाही आपल्यासारख्यांनी गाड्या लावल्या आणि तेव्हापासून आपणच विचारतोय की ट्रॅक रिकामा असूनही सायकली रस्त्यावर का. रिकामा कुठे होता? संध्याकाळी सिग्नलला गर्दी झाली की स्कूटरवालेही त्यातून घुसतात. मी एसटी चालवायचो, सायकल नाही, तेव्हा माझं बोलणं कुणाच्या बाजूचं समजू नका.

ए-६०३: काका, ट्रॅकचं मान्य. पण रस्त्यावर आलेच तर डाव्या कडेने चालावं ना! अगदी लेनच्या मधून कशाला?

सी-४०१: कारण कड चालण्यासारखी नाही. आपल्या गेटपासून पुढच्या सिग्नलपर्यंतच सांगते. डाव्या कडेला आधी बांधकामाची सांडलेली खडी. तिच्यावर ब्रेक दाबला की चाक सरकतंच. पुढे ड्रेनेजचं झाकण, रस्त्यापेक्षा चांगलं वीतभर खाली. मग पावसाळी पाण्याची जाळी, तिच्या फटी रस्त्याच्या दिशेने, बारीक टायर त्यात बरोबर बसतो. मग उभ्या रिक्षा. आणि समोरून राँग साइडने येणारे टू-व्हीलरवाले, तेही कडेनेच. म्हणून आम्ही कडेपासून तीनेक फूट आत राहतो आणि सरळ रेषेत चालवतो. कडेकडेने चालवणारा दर खड्ड्याला अचानक उजवीकडे येतो. तुम्हालाही तो जास्त त्रासाचा. सरळ चालणारा निदान कुठे जाणार ते कळतं.

बी-३०६: हे माहीत नव्हतं. मला वाटायचं मुद्दाम करतात.

सी-२०४: अहो, मुद्दाम करणारेही आहेत. परवा एकजण कानात बोळे घालून चालला होता, हॉर्न ऐकूच येईना.

सी-४०१: त्याच्यासाठी मी भांडणार नाही ताई.

बी-७०१: मी लेकीकडे लंडनला आहे, सकाळपासूनचं आत्ता वाचलं. इथे जानेवारी २०२२ मध्ये वाहतुकीची नियमपुस्तिका बदलली. ज्याच्या वाहनाने जास्त इजा होऊ शकते, त्याच्यावर जास्त जबाबदारी, हे त्यात पहिल्याच पानांवर आहे. सायकलच्या बाजूने जाताना ताशी ३० मैलांपर्यंत वेग असेल तर निदान दीड मीटर अंतर सोडायचं, वेग जास्त असेल तर आणखी. आणि जोडीने चालवायला इथे चालतं, बरं का.

ए-६०३: काकू, लंडनचे रस्ते आणि आपले! आपल्याकडे दीड मीटर सोडलं तर मी थेट डिव्हायडरवर.

बी-७०१: रस्त्याचं राहू दे. त्याच पुस्तिकेत गाडीचं दार कसं उघडावं तेही आहे. दारापासून लांबच्या हाताने उघडायचं. म्हणजे चालवणाऱ्याने उजवं दार डाव्या हाताने. असं केलं की खांदा आपोआप वळतो आणि मागून कोण येतंय ते दिसतं. जावई दर वेळी आठवण करतात, सुरुवातीला राग यायचा मला. याला रुंद रस्ता लागत नाही हो.

बी-२०१: वहिनींचं हे मला पटलं. रिक्षातून, टॅक्सीतून उतरणारे तर डावं दार धाडकन उघडतात. फुटपाथची बाजू म्हणून बिनधास्त. आणि बरोबर त्याच फटीतून सायकल येत असते.

सी-२०४: शाळेच्या व्हॅनमधली पोरं तर दार उघडून उडीच मारतात. मुलांना शिकवायला सोपं आहे हे. लांबचा हात.

बी-३०६: वकील मॅडम, कायदा काय म्हणतो? सायकलवाल्यांना काही नियमच नाहीत का?

ए-३०५: सुट्टीच्या दिवशी फी लागेल. 😀 सायकल हे मोटार वाहन नाही, म्हणून लायसन्स नाही, हेल्मेटची सक्तीही नाही. पण म्हणून तिचा रस्त्यावरचा हक्क कमी होत नाही. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमावलीत पादचारी, सायकलस्वार, लहान मुलं, वृद्ध, अपंग यांची चालकाने विशेष काळजी घ्यावी असं लिहिलंय. लंडनसारखा मीटरचा आकडा मात्र त्यात नाही. आणि सायकल ट्रॅक राखीव असेल तर मोटार वाहन त्यावर नेता येत नाही. अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी सोडून जाणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ मध्ये येतं, पोलीस उचलून नेऊ शकतात. राँग साइड, सिग्नल तोडणं, चालवताना हातात फोन, हे सगळं २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक चालवण्यात धरलं जातं.

ए-३०५: आणि एक. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यात दुचाकीवाले साडेचव्वेचाळीस टक्के, पायी चालणारे साडेएकोणीस. शंभरातले चौसष्ट हेच झाले, ज्यांच्या भोवती पत्रा नसतो.

सेक्रेटरी: कृपया गाड्या उचलण्यापर्यंत जाऊ नये. आपापसात मिटवू.

सी-१०३: टँकरवाल्याचा नंबर कोणाकडे आहे का?

बी-२०१: जरा मोठं लिहितो, चष्मा लावून बसलोय. चांगली तीस वर्षं मोठी गाडी हाताळली. सायकलवाल्यांना आणि आपल्या पोरांना हे सांगा. बस किंवा ट्रक डावीकडे वळतो तेव्हा त्याचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आत कापत येतं. पुढचा भाग लांब वळसा घेतो, म्हणून डावीकडे मोकळी जागा दिसते आणि सायकलवाला तिथे घुसतो. क्षणात ती जागा संपते. ड्रायव्हरचा दोष असेलही, पण केबिनमधून डाव्या दाराच्या खाली, अगदी चिकटून असलेली सायकल दिसतच नाही. मिक्सर आणि डंपर तर बसपेक्षाही वाईट. सिग्नलला मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे जाऊ नये, मागे थांबावं. ओळखायची खूण सोपी आहे. तिच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

बी-२०१: कारवाल्यांसाठी पण आहे. सायकलला ओव्हरटेक करायचं आणि लगेच डावीकडे आपल्या गेटमध्ये वळायचं, हे रोज बघतो. सायकल पंधरा-वीसच्या वेगाने येतच असते, तिला ब्रेक लावायलाही जागा उरत नाही. गेट जवळ आलं की तिच्या मागे राहा, तिला जाऊ द्या, मग वळा. पाच सेकंद जातात. कट मारून काय मिळवता, लिफ्टसाठी उभंच राहायचंय.

बी-५०२: काका 👌👌 लिफ्टचं बाकी खरं.

ए-६०३: काका, आपल्या गेटमधून निघताना मलाच उजवीकडचं दिसत नाही. नाक रस्त्यावर काढल्याशिवाय काही कळत नाही.

सी-४०१: कारण गेटच्या उजव्या खांबाला वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय. दिवाळीपासून आहे. आणि त्याच्या पलीकडे त्या उभ्या गाड्या. गेटमधून निघणाऱ्याला ट्रॅक दिसत नाही, ट्रॅकवरच्याला गेट दिसत नाही.

सेक्रेटरी: फ्लेक्स आपला नाही, काढायला गेलं की भांडण होतं. मी महापालिकेकडे ऑनलाइन तक्रार टाकतो. गेटला तो फुगीर आरसा बसवू या का? बाहेरच्या सोसायट्यांनी बसवलाय.

बी-२०१: आरसा बसवा, पण त्यात लांबचं आणखी लांब दिसतं. त्यावर विसंबून गाडी सोडू नका. आधी फ्लेक्स.

ए-६०३: आणि रात्रीचं काय? काल साडेअकराला येताना समोर अचानक सायकल. लाईट नाही, काही नाही. काळा स्वेटर. समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर, मला तो माणूस अगदी जवळ आल्यावर दिसला. काय करायचं ड्रायव्हरने?

सी-४०१: दादा, काळा स्वेटर, मागे डबा बांधलेला?

ए-६०३: हो, असावा. का?

सी-४०१: आपले रात्रपाळीचे वॉचमन मामा. साडेअकराच्या सुमारास आंबेगावहून येतात.

सी-२०४: अगं बाई.

बी-३०६: खरंच ते असतील?

सी-४०१: सकाळपासून आपण सायकलवाले म्हणून ज्यांच्यावर बोलतोय ते माझ्यासारखे. आमच्याकडे पुढे-मागे लाईट आहे, हेल्मेट आहे, आणि आम्ही निघतो तेव्हा रस्ता रिकामा असतो. पेपर टाकणारा मुलगा, मामा, बी विंगच्या बांधकामावरचे गवंडी, हे हौसेने नाही चालवत. त्यांना बसला पैसे परवडत नाहीत किंवा त्या वेळेला बस नसते. २०१७-१८ ला त्या भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकली आल्या तेव्हा किती लेख आले, किती फोटो. त्या गेल्या. मामांची सायकल तेव्हाही होती, आताही आहे, तिचा कुणी फोटो काढला नाही.

ए-६०३: ठीक आहे, पण लाईट लावायला हवाच ना. मी वाईट अर्थाने नाही म्हणत. धडकलो असतो तर दोघांचंही वाटोळं होतं.

सी-४०१: तुमचं बरोबरच आहे. लाईट हवाच.

बी-२०१: आमच्या लहानपणी पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की हवालदार चाकातली हवा सोडायचा. मग ढकलत घरी. अपमान व्हायचा, पण दुसऱ्या दिवशी दिवा लागायचा. रॉकेलवरचा, नंतर डायनॅमो.

बी-३०६: मामांची हवा सोडायची का आता? 😀

बी-२०१: नाही. रेडियम लावायचं.

सी-४०१: मागे लाल लुकलुकणारा लाईट दोन-तीनशेत मिळतो, चार्जिंगचा. पुढे पांढरा. शिवाय रेडियमच्या पट्ट्या, मडगार्डवर आणि पेडलवर. पेडल वर-खाली होतं, त्यामुळे लांबून लगेच कळतं की सायकल आहे. खांबावरच्या दिव्यापेक्षा ते जास्त डोळ्यात भरतं.

ए-६०३: मामांच्या आणि पेपरवाल्या मुलाच्या सायकलींचं मी देतो. दोन्ही बाजूंचे लाईट. वर्गणी-बिर्गणी नको, त्यावर आणखी दोनशे मेसेज होतील.

सेक्रेटरी: 🙏 धन्यवाद सर. गार्डनवाल्यांची पण एक सायकल आहे.

ए-६०३: मग तिन्ही.

सी-४०१: आणि ट्रॅकवरची गाडी?

ए-६०३: ताई, आता कुठे लावू, ते सांगा. रात्री आठनंतर मागच्या गल्लीतही जागा नसते.

सी-२०४: पाहुण्यांसाठी क्लबहाऊसशेजारी तीन जागा ठेवल्यात ना? त्या रिकाम्याच असतात. तिथे सध्या गणपतीचं सामान आणि कुणाचा तरी मोडका सोफा.

बी-५०२: सोफा आमचा आहे. भंगारवाला आला नाही अजून.

सेक्रेटरी: हा विषय येत्या रविवारच्या मीटिंगच्या अजेंड्यावर घेतो. सोफा काढला तर पाहुण्यांच्या गाड्या आत येतील, हे लगेच करता येईल. दुसऱ्या गाडीला मासिक भाडं लावून जागा द्यायची की नाही, त्याला ठराव लागेल. भाडं म्हटल्यावर भांडण होणार, तयारीने या.

बी-३०६: भाडं किती?

सेक्रेटरी: मीटिंगमध्ये.

ए-६०३: भाडं द्यायला तयार आहे. पण जागा मिळेपर्यंत गाडी ट्रॅकवरच राहणार, खोटं सांगत नाही.

सी-४०१: निदान गेटच्या खांबाला चिकटून लावू नका. दोन गाड्यांएवढी जागा सोडून पुढे लावा, म्हणजे निघणाऱ्याला ट्रॅक दिसेल.

ए-६०३: तेवढं करतो. आत्ता खाली जातोच आहे.

बी-२०१: रेडियमची पट्टी माझ्याकडे पडून आहे, एसटीच्या वेळची नाही, नवीन आहे. मामा संध्याकाळी लवकर आले तर मी लावून देतो. कुणीतरी कात्री घेऊन या, आमची धार गेलेली आहे.