आयडलला आरपीएम वर-खाली आणि थंड इंजिनला टक-टक, प्लग बदलले थ्रॉटल बॉडी साफ केली तरी तेच

चौथा_गिअर:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही. गाडी पेट्रोल, चार सिलिंडर, मल्टी पॉइंट इंजेक्शन, मॅन्युअल गिअर, ९ वर्षं जुनी आणि ९८ हजार किमी झालेत. दोन महिन्यांपासून सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा ६०० ते ११०० मध्ये झुलत राहतो, एसी लावला की कधी कधी ५०० च्या खाली जाऊन बंदच पडते. चालताना मात्र पिकप ठीक आहे, हायवेला काही जाणवत नाही. दुसरं म्हणजे सकाळी पहिल्यांदा सुरू केली की बॉनेटखालून टक-टक-टक असा आवाज येतो, रेस दिली की वाढतो आणि पाच-सात मिनिटांनी इंजिन गरम झालं की जवळजवळ गायब.

गॅरेजवाल्याने आधी चारही प्लग बदलले, मग एअर फिल्टर, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली. साफ केल्यावर दोन दिवस आयडल (पाय न देता इंजिनचा आरपीएम) १२०० ला अडकलं होतं, नंतर खाली आलं आणि परत तोच झुला सुरू. चेक इंजिन लाईट लागलीये, कोड पी०१७१ दाखवतोय. आता ते म्हणतात टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) गेलेत, इंजिनचं वरचं हेड उघडावं लागेल, आणि आयडलचं त्यानंतर बघू. हेड उघडायला माझं मन धजावत नाहीये. ही गाडी वडिलांनी घेतलेली, ती नीट राहावी एवढीच इच्छा आहे. कुठून सुरुवात करू?

ऑइलकॅन:
माझ्याकडे पण असाच आवाज होता, एक ग्रेड जाड ऑइल टाकलं आणि आवाज कमी झाला. आधी ते करून बघा, हेड उघडण्यापेक्षा सोपं.

दहाचा_पाना:
जाड ऑइल कृपया टाकू नका, मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच ठेवा. हल्लीच्या बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या प्रेशरवर चालते, हायड्रॉलिक टॅपेट असतील तर तेही ऑइलनेच भरतात, आणि जाड ऑइल थंडीत वर पोचायला उलट जास्त वेळ घेतं. आवाज दबतो पण दुखणं तिथंच राहतं. ऑइलची लेव्हल मात्र आजच डिपस्टिकवर बघा, ती कमी असेल तर बाकी सगळं नंतर.

आता मुद्द्याचं. हेड उघडू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पोस्टमध्ये दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हीची तपासणी वेगळी आहे. आत्तापर्यंत जे झालंय ते सगळं पार्ट बदलणं किंवा साफ करणं, मोजलं कुणीच काही नाही.

आधी आयडल. पी०१७१ म्हणजे मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. तो कोड अमुक पार्ट गेला असं सांगत नाही. पुढचा प्रश्न असा की हवा जास्त येतेय की पेट्रोल कमी येतंय, आणि याचं उत्तर कुठलाही साधा ब्लूटूथ स्कॅनर देतो, मोबाईलला जोडता येतो. इंजिन पूर्ण गरम करा आणि शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती टक्के वाढवतं-घटवतं, हे दोन आकडे बघा, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएम धरून ठेवून. निरोगी गाडीत दोघांची बेरीज साधारण १० टक्क्यांच्या आत राहते. आयडलला बेरीज +२० वगैरे आणि २५०० ला उतरून +४-५ वर आली तर गाडी कुठून तरी चोरून एअर घेतेय, कारण फट तेवढीच असते, आयडलला एकूण हवा कमी म्हणून ती फट मोठी वाटते आणि रेसला तिचा हिस्सा नगण्य होतो. उलट झालं, म्हणजे रेसला आकडा वाढत गेला, तर फ्युएल फिल्टर, पंप किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलेला. तुम्ही म्हणता चालताना पिकप ठीक आहे, त्यामुळे माझा अंदाज पहिल्या बाजूचा, पण आकडे बघितल्याशिवाय अंदाजावर एकही पार्ट घेऊ नका.

एअर कुठून घेते? इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा जाड पाईप, क्रँककेसमधून वाफ ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचा पाईप, पेट्रोल टाकीची वाफ ओढणारा पर्ज व्हॉल्व्ह, इंजेक्टरच्या ओ-रिंग. यात मी पहिल्यांदा पीसीव्हीच्या पाईपला हात घालतो. तो रबर वर्षानुवर्षं ऑइलच्या वाफेत भिजलेला असतो, नऊ वर्षांत फुगून मऊ तरी होतो किंवा कडक होऊन वळणावर चिरतो, आणि चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते, वरून पाईप नवा कोरा दिसतो. वरून टॉर्च मारून "पाईप ठीक आहेत" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पाईप काढून हातात घेऊन वाकवून बघा. ब्रेक बूस्टरसाठी आयडलला ब्रेक पेडल दाबून धरा, आरपीएम बदलला किंवा पायाशी सुस्स असा आवाज आला तर तिकडे बघायचं. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर बऱ्याचदा पेट्रोल भरून निघाल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास देते, तुम्ही तसं लिहिलं नाहीये म्हणून तो मागे ठेवतो.

गरम इंजिनवर कार्ब क्लिनर फवारून लीक शोधायची पद्धत बरेच जण सांगतील, मी सांगणार नाही, एक्झॉस्टवर थेंब पडून आग लागू शकते. एकेक रबर पाईप पक्कडीने कापड गुंडाळून हळूच दाबा, ज्याला दाबल्यावर आयडल शांत होईल तो किंवा त्याच्या पलीकडचा भाग दोषी. सगळ्यात चांगलं म्हणजे स्मोक टेस्ट, इनटेकमध्ये धूर सोडतात आणि जिथून धूर बाहेर येतो तिथं लीक. आधी विचारून घ्या मशीन आहे का, नसेल तर दुसरीकडे जा.

थ्रॉटल साफ केल्यावर १२०० ला अडकलं त्याची काळजी करू नका. मळ साचलेला असताना ईसीयूने प्लेट जरा जास्त उघडायची सवय लावून घेतली होती, मळ गेल्यावर तेवढ्याच उघडीपीतून जास्त हवा आली, मग ते परत शिकलं. काही गाड्यांत हे आपोआप होतं, काहींत स्कॅनरने करावं लागतं. यापुढे कुणी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची प्लेट इग्निशन चालू ठेवून बोटाने ढकलत असेल तर थांबवा, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात.

आता आवाज. टॅपेटचा आवाज आणि एक्झॉस्ट लीकचा आवाज कानाला सख्खे भाऊ वाटतात, दोन्ही टक-टकच आणि दोन्हीची लय क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांच्या, निम्मी, ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण सहा-सात ठोके. फरक असा की एक्झॉस्ट लीक थंडीत मोठा, लोड दिला की आणखी मोठा, आणि लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज जातो. तुमचं वर्णन वाचून मला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा तुटलेला स्टड (मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणारा बोल्ट) वाटतोय. क्लिअरन्स वाढलेले टॅपेट गरम झाल्यावर इतके साफ गप्प बसत नाहीत. आणि खालून येणारा जड ठोका, प्रत्येक फेऱ्याला, गरम झाल्यावर वाढणारा, सोबत ऑइलची लाल लाईट, असं कधी झालं तर त्याच क्षणी इंजिन बंद करा, गाडी टो करून न्या. तुमचं ते नाही.

खात्री करायला अर्धा मीटर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यावरून एकेका सिलिंडरपाशी फिरवा, थंड इंजिनवर पहिल्या दोन मिनिटांत. लीकच्या जागी कानात फट-फट असा फुंकर मारल्यासारखा आवाज स्पष्ट येतो. गाडी उघड्यावर ठेवून करा, बंद जागेत एक्झॉस्टचा धूर जिवावर बेततो. बेल्ट आणि फॅनपासून बाही लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन न सांगता सुरू होतो.

एक महत्त्वाचं राहिलं. लीक ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर एक्झॉस्टच्या झटक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतं. म्हणजे तुमच्या आवाजाचा आयडलच्या आकड्याशी थोडा संबंध असूही शकतो. पण बंद पडण्याइतकं झुलणं तेवढ्याने होईल असं मला वाटत नाही. आकडे टाका इथं.

रात्रपाळी:
मधेच विचारतो, माझ्या गाडीला सकाळी दमट हवेत चिर्र चिर्र आवाज येतो, थोड्या वेळाने जातो. बेल्ट बदलून सहा महिने झाले. हा पण असाच काही असेल का?

दहाचा_पाना:
नाही, तुमचा बेल्टचाच. आयडलला बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपडा, बॉनेटबाहेरून बाटलीने, हात आत घालू नका. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे टेन्शनर ढिला. पाण्याने आवाज गेला आणि वाळल्यावर परत आला तर एखादी पुली तिरकी बसलीये. बेल्ट काढलाच तर प्रत्येक पुली हाताने फिरवा, खरखर लागली ती बेअरिंग गेली. नवा बेल्ट जुन्या टेन्शनरवर चढवला की हे फार वेळा होतं.

चौथा_गिअर:
दहाचा_पाना दादा, मनापासून आभार. सात-आठ दिवस लागले, आता सगळं सांगतो.

आकडे: आयडलला लाँग टर्म +१९, शॉर्ट टर्म +३ च्या आसपास, २५०० ला लाँग टर्म +६ आणि शॉर्ट टर्म शून्याच्या आसपास. तुम्ही म्हणालात तसंच. मग दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेलो, त्यांच्याकडे स्मोक मशीन होतं. धूर सोडल्यावर पहिला अर्धा मिनिट काहीच नाही, मला वाटलं आता हेडच उघडावं लागणार, आणि मग इनटेक मॅनिफोल्डच्या मागून, जिथं हात पण नीट जात नाही, एक बारीक धुराची रेघ वर आली. पीसीव्हीचा पाईप. काढून हातात दिला तर वरून काळा कुळकुळीत, चांगला, आणि उलटा केला तर वळणाच्या खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चीर, सरळ धरला की मिटलेली आणि वाकवला की तोंड उघडल्यासारखी. आतून रबर इतकं मऊ झालं होतं की नखाने खपली निघत होती.

पाईप आणि व्हॉल्व्ह दोन्ही नवे टाकले, कोड काढला. आयडल ७५० वर आलं, एसी लावला तरी जरा खाली जाऊन लगेच सावरतं. पण लाँग टर्म दोन दिवसांनी +८ वर थांबला, शून्याकडे येईना, आणि सकाळची टक-टक होतीच. मग नळी लावून ऐकलं. चौथ्या सिलिंडरपाशी नळी नेली आणि कानात अगदी स्पष्ट फट-फट, तिसऱ्यापाशी काही नाही. हीट शील्ड काढल्यावर सांध्यावर काजळीचा काळा पट्टा आणि मागचा स्टड नटासकट गायब, हेडमध्ये नुसतं तुकडं राहिलेलं. ते काढायला मेकॅनिकने अर्धा दिवस घालवला, घाई केली नाही, नट वेल्ड करून मग फिरवलं. नवं गॅस्केट, नवा स्टड. आता लाँग टर्म +२, आणि आज सकाळी थंड इंजिन सुरू केलं तर १३०० वरून हळूहळू खाली उतरलं आणि फक्त इंजेक्टरची बारीक टिकटिक.

हेड उघडायची गरज पडली नाही. दोन महिने मी सिग्नलला गाडी बंद पडायच्या धास्तीने ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून उभा राहत होतो.

ऑइलकॅन:
छान झालं. मी पण परत माझा ग्रेड बघतो, आवाज गेला म्हणून मीही शोधायचं सोडून दिलं होतं. माझा पण गरम झाल्यावर कमी व्हायचा.

दहाचा_पाना:
मग तुम्ही पण नळी लावून ऐका, आणि केबिनमध्ये एक्झॉस्टचा वास येतो का तेही बघा, मॅनिफोल्ड लीकचा धूर एसीच्या हवेबरोबर आत येऊ शकतो.

चौथा_गिअर, फार बरं वाटलं वाचून. एक स्टड तुटला म्हणजे बाकीच्यांनी पण तेवढीच वर्षं तापणं-थंड होणं सोसलंय, तर काही दिवस गाडी चालवल्यावर इंजिन पूर्ण थंड असताना सगळे नट टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यावर तपासून घ्या. पीसीव्ही पाईपला जुनाच क्लॅम्प लावला असेल तर तोही बदला, आणि लाँग टर्मचा आकडा महिनाभराने परत एकदा बघून इथं लिहा.