तोंडी दहा मिनिटं, वहीत अडीच ओळी. काय करावं?

रामबागवाली: मी इंदूरला पाचवीला हिंदी शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचायला-लिहायला जड जाण्याचं, सर्टिफिकेट आहे त्याचं. रंगपंचमी झाल्यावर सगळ्यांना गेरवर, म्हणजे त्या दिवशी इथे निघते त्या रंगांच्या मिरवणुकीवर, निबंध दिला. मधल्या सुट्टीत ह्याने मला राजवाड्याची गेर अशी काही सांगितली, टँकरवरचा पंप काय, तिसऱ्या मजल्यावरची भिजलेली आजी काय, बाबांची हरवलेली चप्पल काय, डबा खायचा राहिला माझा. आणि वहीत? "गेर देखी। रंग था। मजा आया।" पुढच्या ओळीत खोडून खोडून कागदाला भोक. पिचकारी का नाही लिहिलीस विचारलं तर म्हणे "मैडम, वो लिखते नहीं बनता."
स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच, आधी शुद्ध लिहू दे, निबंध नंतर, चुकलेला शब्द दहादा लिहून आणायला सांग. खरं सांगते, पंधरा वर्षं मीही तेच करत आलेय, आता शंका येतेय.

जुना खडू: शंका कसली? घोटल्याशिवाय अक्षर येत नाही. आमच्या वेळी सर्टिफिकेटं नव्हती, तरी पोरं शिकलीच ना.

वेलांटी: काका, जी शिकली ती तुमच्या लक्षात राहिली, जी चौथीतून गळाली ती कुठे आठवतायत? मी बडोद्याला अशाच मुलांना शिकवते. 'पि' बघा, कानाला आधी प ऐकू येतो पण हाताला आधी वेलांटी काढायची. 'गर्दी'त र आधी ऐकू येतो आणि तो बसतो दी च्या डोक्यावर. एवढं सांभाळताना आजी-चप्पल डोक्यातून उडून जाणारच, मग पोरगं येतात तेवढेच शब्द लिहून मोकळं होतं.
ताई, दोन्ही कामं वेगळी करा. आधी त्याला बोलू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग कोण-कुठे-काय झालं-शेवट अशी चार चित्रं, मग लिहिणं. त्या दिवशी वेलांटीला हात लावायचा नाही. स्पेलिंगला रोज दहा मिनिटं वेगळी, एका वेळी एकच प्रकारची चूक. पण नुसतं "लिहू दे, आपोआप येईल" हेही ह्या मुलांना चालत नाही हं, प्लॅन कसा करायचा ते स्वतः मोठ्याने बोलत फळ्यावर करून दाखवावं लागतं. अमेरिकेत कॅरन हॅरिस आणि स्टीव्ह ग्रॅहम ह्या लेखन-शिक्षणाच्या संशोधकांची पद्धत ह्याच धर्तीची आहे, आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग सोबत, मग एकट्याने.

दोन पोरांची आई: माझ्या थोरल्याला हाच त्रास. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसेबिलिटी आहे, सीबीएसईच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त आणि लेखनिकही मिळतो. पण आधीच्या शाळेत लेखनिक मिळाला आणि बाईंनी त्याला लिहायला शिकवणंच सोडलं, "आता गरज काय" म्हणे! त्याचा जास्त राग येतो मला.

जुना खडू: हे मात्र चूक. लेखनिक परीक्षेपुरता, शिकवणं का सोडायचं?

रामबागवाली: करून बघितलं. रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं त्याने, स्वतःचाच आवाज ऐकून हसत होता. नऊ ओळी आल्या, चप्पलसकट. "पीचकारि" लिहिलंय. मी लाल पेन पर्समध्येच ठेवलं, जड गेलं पण ठेवलं. आता मार्क कसे देऊ ते सांगा, बाकीच्यांच्या आया वह्या शेजारी शेजारी ठेवून बघतात हो.