गुरू ग्रंथसाहिबाशेजारी मूर्ती असाव्यात का? शीख आणि हिंदू परंपरांच्या नात्याविषयी

नांदेडकर :

जानेवारी 2023 मध्ये इंदूरच्या सिंधी समाजाने आपल्या मंदिरांतील गुरू ग्रंथसाहिबाची अनेक स्वरूपे, म्हणजे प्रती, गुरुद्वाऱ्याच्या स्वाधीन केली. ग्रंथसाहिबाशेजारी देवदेवतांच्या मूर्ती ठेवल्याने मर्यादेचा, म्हणजे शीख आचारनियमांचा, भंग होतो, असा आक्षेप काही शीख कार्यकर्त्यांनी मुदत देऊन घेतला होता आणि त्या वादातून हे घडले. समाजमाध्यमांवर तेव्हा जी चर्चा झाली तिचा सूर बहुधा असा होता की, शीख हे हिंदूच आहेत, मग हा दुरावा कशासाठी? मला हा प्रश्नच चुकीच्या जागेवरून विचारलेला वाटतो.

1708 मध्ये नांदेड येथे गुरू गोबिंदसिंहांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून गुरुपद ग्रंथाला दिले. त्यामुळे शिखांसाठी ग्रंथसाहिब हा पूजेत ठेवायचा पवित्र ग्रंथ नसून विद्यमान गुरू आहे. पहाटे त्याचा ‘प्रकाश’ होतो, वर चांदवा असतो, सेवादार चवरी ढाळतो आणि रात्री ‘सुखासन’ करून त्यास विश्रांतीच्या कक्षात नेले जाते. ज्या गुरूने मूळमंत्रात परमेश्वराला ‘अजूनी’, म्हणजे जन्मास न येणारा, म्हटले आहे, त्याच्याच शेजारी अवतारांच्या मूर्ती मांडणे ही केवळ मांडणीतील चूक नाही. ती श्रद्धेच्या गाभ्याशी विसंगत गोष्ट आहे.

कर्म, पुनर्जन्म, मुक्ती, नामस्मरण या गोष्टी दोन्हीकडे आहेत, हे कोणीच नाकारत नाही. परंतु वेदप्रामाण्य, वर्णव्यवस्था, जानवे आणि तीर्थस्नानाचे पुण्य यांबाबत गुरुवाणी निराळा मार्ग सांगते. दयेचा कापूस आणि संतोषाचे सूत असलेले जानवे असेल तरच ते घाला, असे गुरू नानकांनी म्हटले, आणि त्यांच्या गादीवरील नववे गुरू तेगबहादूर यांनी 1675 मध्ये दिल्लीत काश्मिरी पंडितांच्या जानव्यासाठी आणि टिळ्यासाठी शिर दिले. जे स्वतः धारण करत नाही त्याच्या रक्षणासाठी प्राण देणे ही नात्याची फार उंच पातळी आहे. ‘तुम्ही आमचीच शाखा’ असे म्हटले की त्या बलिदानाचा अर्थच लहान होतो.

उल्हासनगरकर सिंधी :

नांदेडकर साहेब, आपण गुरू तेगबहादुरांविषयी जे लिहिले आहे त्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु आमच्या दरबारांविषयी, म्हणजे सिंधी मंदिरांविषयी, आपण जणू काल कोणीतरी ग्रंथसाहिब उचलून मूर्तींशेजारी आणून ठेवला असावा, अशा रीतीने लिहिले आहे. सिंधमधील अनेक हिंदू पिढ्यान्‌पिढ्या नानकपंथी, म्हणजे गुरू नानकांना मानणारे, आहेत. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, उतरलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी घरदार मागे सोडले, पण ग्रंथसाहिब डोक्यावर घेऊन आणला. आमच्या दरबारात आजही मंजीवर, म्हणजे छोट्या पलंगावर, ग्रंथसाहिब असतो, एका बाजूला आमचे इष्टदैवत झुलेलाल यांची तसबीर असते, पाठ संपल्यावर कडाह प्रसाद वाटला जातो आणि झुलेलालांच्या चाळीस दिवसांच्या चालिया व्रतात त्याच प्रांगणातून बहिराणा, म्हणजे दिव्याची मिरवणूक, निघतो. आमच्या घरातील लग्न अग्नीभोवती होते आणि त्याआधी ग्रंथसाहिबाचा पाठ ठेवला जातो. यात आम्हांला कधीही विसंगती जाणवली नाही.

शिवाय आपण ज्याला सनातन मर्यादा मानता ती मर्यादा लिखित स्वरूपात 1945 मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने संमत केली. त्यापूर्वी उदासी आणि निर्मळे या पंथांचे महंत अनेक गुरुद्वाऱ्यांची व्यवस्था पाहत होते. खुद्द अमृतसरला हरमंदिर साहिबाच्या परिक्रमेत मूर्ती होत्या आणि त्या 1905 मध्ये हटवण्यात आल्या. अनेक शीख विवाह ब्राह्मण पुरोहितांकरवी अग्नीभोवती होत असत. ग्रंथसाहिबाभोवती फेरे घेऊन होणाऱ्या आनंद विवाहाला कायद्याचे बळ 1909 मध्ये मिळाले. पंजाबातील अनेक हिंदू घरांत थोरला मुलगा केशधारी शीख केला जाई आणि धाकटे हिंदूच राहत, हेही सर्वश्रुत आहे. म्हणजे आज दिसणारी भिंत सिंह सभा ही शीख सुधारणा चळवळ आणि आर्य समाज यांच्या एकोणिसाव्या शतकातील वादात बांधली गेली. आम्ही त्या वादात नव्हतो, मग त्याचा निवाडा आमच्यावर का लादावा?

आणि आपल्या नांदेडचेच पाहा. हजूर साहिबला, म्हणजे शिखांच्या पाच तख्तांपैकी (सर्वोच्च पीठांपैकी) एका तख्ताला, सायंकाळी दिव्यांनी आरती होते, शस्त्रांना चंदनाचा टिळा लावला जातो आणि तख्ताच्या स्नानासाठी रोज गोदावरीचे पाणी घागरीत भरून आणले जाते. 1945 च्या मर्यादेत दिव्यांची आरती गुरुमताविरुद्ध म्हटली आहे. मग नांदेडला सवलत आणि इंदूरला आक्षेप, असे का?

नांदेडकर :

हजूर साहिबचा मुद्दा आपण योग्य ठिकाणी ठेवला आहे आणि त्यास टाळून पुढे जाता येणार नाही. तेथील रीती जुन्या आहेत, त्या तख्ताच्या स्वतःच्या मर्यादेनुसार चालतात आणि पंजाबातील अनेकांना त्या रुचत नाहीत, हे खरे. तरीही एक भेद राहतोच. तेथील आरती, टिळा आणि घागर हे सारे गुरूच्या स्थानाप्रति आणि गुरूच्या शस्त्रांप्रति आहे. तेथे दुसऱ्या कोणत्या दैवताची प्रतिष्ठापना नाही. विधीचे साधर्म्य आणि आराध्याचे साधर्म्य या दोन गोष्टी आहेत. दिवा ओवाळणे हिंदू पद्धतीचे वाटले तरी ज्याच्यापुढे तो ओवाळला जातो ते बदलत नाही.

भिंत एकोणिसाव्या शतकात बांधली गेली, हे मला अर्धेच मान्य आहे. ‘ना हम हिंदू न मुसलमान’ हे शब्द गुरू अर्जुनांच्या वाणीत आहेत आणि त्यांनी आदिग्रंथाचे संकलन 1604 मध्ये पूर्ण केले. आपल्या नामदेवांचीही 61 पदे त्या ग्रंथात आहेत आणि त्यांत ते म्हणतात की हिंदू देऊळ पूजतो, मुसलमान मशीद. नाम्याने मात्र जो देवळात नाही आणि मशिदीतही नाही त्याची सेवा केली. पंढरीच्या या संताने गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमानला जाऊन आयुष्याचा मोठा काळ काढला. गुरूंनी त्यांना हिंदू संत म्हणून ग्रंथात घेतले नाही. विचार जुळला म्हणून घेतले. सिंह सभेने नवा धर्म निर्माण केला नाही, जे वाणीत होते ते आचरणात आणले.

चंडीगढवासी मराठी :

दोघांचे वाचून मला राहवत नाही, कारण आपण दोघेही मूर्ती आणि आरतीविषयी बोलत आहात आणि दोन्ही परंपरांत सर्वांत घट्ट रुतलेली समान गोष्ट जी आहे, तिच्याकडे कोणी पाहिलेले नाही. ती आहे जात. लंगरात सर्व जण एका पंगतीत बसतात, अमृत एकाच पात्रातून घेतात, आणि तरीही पंजाबच्या कित्येक गावांत जाट शिखांचा गुरुद्वारा वेगळा, मजहबी आणि रामदासिया या दलित शिखांचा वेगळा. अनेक ठिकाणी स्मशानभूमीही वेगळी. 2011 च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण 31.9 टक्के आहे, जे सर्व राज्यांत अधिक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 नंतर शीख धर्म स्वीकारण्याचा गांभीर्याने विचार केला होता. मुंबईच्या खालसा महाविद्यालयाची 1937 मधील स्थापना त्याच काळातील. पुढे त्यांनी दुसरी वाट निवडली. नांदेडकर, सिद्धान्ताने वेगळे असणे पुरेसे आहे असे आपल्याला वाटते का? गुरुवाणीने ज्याचा स्पष्ट निषेध केला आहे त्या जातिभेदाविरुद्ध मर्यादेचा आग्रह तितक्याच तडफेने धरला गेला असता, तर हे वेगळेपण मला अधिक खरे वाटले असते.

उल्हासनगरकर सिंधी :

चंडीगढवासी ताईंनी जे लिहिले त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. आचरणात जर शीख आणि हिंदू समाज इतके गुंतलेले आहेत, तर ग्रंथातील वचनांवरून एखाद्या नानकपंथी घराचा ग्रंथसाहिबावरील हक्क कसा काढून घेता येईल? राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 मध्ये हिंदू या संज्ञेत शिखांचा समावेश केला, त्यावर शिखांचा रोष आहे. त्यांना न विचारता त्यांची ओळख ठरवली गेली, ही त्यांची व्यथा मी समजू शकतो. परंतु मग आम्हांला न विचारता आमची ओळख ठरवू नये, एवढीच आमचीही अपेक्षा आहे.

नांदेडकर :

ताई, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही, पुरेसे नाही’ असेच आहे. ज्या गुरुद्वाऱ्यात जात पाहून माणूस दूर ठेवला जातो तेथे मूर्ती नसूनही मर्यादा मोडलेलीच आहे.

सिंधी बंधूंना एवढेच सांगतो की, ग्रंथसाहिब आपल्याकडून काढून घ्यावा असे मी कोठेही म्हटलेले नाही आणि इंदूरमध्ये ज्या दडपणाखाली तो परत केला गेला त्याचे मी समर्थन करत नाही. गुरूचा दरबार एका दालनात आणि झुलेलालांचे स्थान दुसऱ्या दालनात, अशी व्यवस्था होऊ शकते. तिच्याविषयी बोलणे करायचे असेल तर ते दरबारातील वडीलधाऱ्यांशी आणि ग्रंथींशी, समोरासमोर बसून करावे; मुदत देऊन नव्हे.