'अप' : पहिली दहा मिनिटं वगळली तर उरतं काय?

कोरा कागद
पिक्सारचा 'अप' हा ॲनिमेशनपट (२००९) काल पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पंचविशीत होतो, आता चाळिशी उलटली. मत बदलेल असं वाटलं होतं, पण ते आणखी घट्ट झालं. हा सिनेमा पहिल्या दहा-बारा मिनिटांतच संपतो. पुढचा सव्वा तास म्हणजे पोरांना जागेवर बसवून ठेवायची सोय.

कार्ल आणि एलीचा अख्खा संसार चारेक मिनिटांत, तोही एका शब्दाशिवाय. ती त्याचा टाय बांधून देते, टाय बदलत जातात आणि तेवढ्यात वर्षं सरतात. दक्षिण अमेरिकेतल्या त्या धबधब्याला जायचं म्हणून बरणीत चिल्लर साठवतात. मग गाडीचा टायर जातो, त्याचा पाय मोडतो, घरावर झाड पडतं. दर वेळी बरणी फुटते. शेवटी एली जाते, आणि म्हातारा कार्ल घरालाच फुगे बांधून त्या धबधब्याकडे उडत निघतो. इतकं हळुवार दाखवल्यावर थेट बोलणारे कुत्रे विमानं उडवताना? मैफल रंगात आलेली असताना दारात बँडबाजा वाजावा तसं झालं.

तिसरी घंटा
साफ असहमत. ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळालेला हा दुसराच ॲनिमेशनपट, आधीचा 'ब्यूटी अँड द बीस्ट'. ते काय फक्त दहा मिनिटांसाठी?

कोरा कागद
त्याच वर्षी नामांकनं पाचाची दहा केली होती, हेही सांगा की. आणि संगीताचं ऑस्कर मिळालं ते मायकेल जियाकिनोच्या ज्या सुरावटीमुळे, ती त्याच चार मिनिटांतली.

तिसरी घंटा
ठीक, ऑस्कर बाजूला ठेवू. पण ती चार मिनिटं तुम्हाला आज रडवतात, आणि पुढच्या गोंधळाशिवाय ती नुसती एक सुंदर लघुकथा राहिली असती. मंट्झ, म्हणजे कार्लचा लहानपणापासूनचा आवडता शोधक, तिथे एका दुर्मिळ पक्ष्याच्या मागे लागलेला असतो. तो कार्लच्या घराखाली आग लावतो तेव्हा कार्ल पक्ष्याला सोडून घराकडे धावतो, आणि पक्षी पकडला जातो. म्हाताऱ्याची चूक आहे ती, आणि घरासोबत चुकून आलेलं पोरगं, रसेल, त्याला तोंडावर तसं सुनावतं. मग तो घर धबधब्याशी नेऊन ठेवतो, खुर्चीत बसतो, आणि काहीच वाटत नाही त्याला. तिथे तो एलीची लहानपणापासूनची साहसांची वही उघडतो. कोरी समजून आजवर न उलटलेलं पान उलटतो, तर पुढे त्यांच्याच संसाराचे फोटो! त्यानंतर घर हलकं व्हावं म्हणून फर्निचर बाहेर फेकतो. त्या दोन खुर्च्यासुद्धा. कड्यावर शेजारी शेजारी राहिलेल्या त्या खुर्च्या बघून मी दर वेळी ढेपाळतो, आणि हे सगळं तुमच्या 'पोरांच्या' भागातलं आहे.

अर्धविराम
मध्येच एक हिशेब. कार्ल ७८ वर्षांचा. मंट्झला तो लहानपणी पडद्यावर बघायचा, तेव्हा मंट्झ चांगला बाप्या होता. म्हणजे आता नव्वदीच्या पुढे असणार, आणि गडी तलवार घेऊन लढतोय! (कार्लही काठी घेऊन लढतो आणि मध्येच त्याची कंबर धरते, ते मात्र झकास.)

कोरा कागद
खुर्च्यांचं मान्य. पण मंट्झ फक्त वयाने खोटा नाही वाटत. मंट्झच तर कार्लची सावली होता: एका हट्टापायी आयुष्य जाळलेला माणूस. त्याला समजून घ्यायला दोन मिनिटं द्यायची, तर दिला खाली ढकलून. ज्या माणसाला लहानपणापासून दैवत मानलं, तो डोळ्यांदेखत मेला. कार्ल एकदा खिन्नसुद्धा होत नाही.

रानवाट
तुम्ही सगळे ज्या चार मिनिटांवर जीव टाकताय, माझी तक्रार तिथलीच आहे. लहानपणीची एली आठवा. दात पडलेली, डोक्यावर वैमानिकाचा चष्मा, तोंड क्षणभर बंद नाही. कार्लला बोलायला फटही देत नाही. तिचं लग्न झालं आणि आवाज गेला. मोठी एली संपूर्ण सिनेमात एक शब्द बोलत नाही. धबधबा आधी तिचा होता. वही तिची. आणि प्रवास कुणाचा?

तिसरी घंटा
अहो, त्या भागात संवादच नाहीत. कार्लही गप्पच आहे.

रानवाट
कार्लला पुढे सव्वा तास मिळतो बोलायला. तिला भिंतीवरची तसबीर मिळते. आणि तो तसबिरीशी बोलतो तेव्हा तिने काय म्हटलं असतं, हेही तोच ठरवतो.

अर्धविराम
वहीत तिनेच लिहून ठेवलंय ना शेवटी, की आता नवं साहस शोध म्हणून?

रानवाट
लिहिलंय. तेवढं एक वाक्य आहे, आणि तेही त्याच्या सोयीचं.

कोरा कागद
रानवाट, काल ते टाय बांधणं बघताना मी गहिवरलो होतो. तिच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, हा प्रश्नच पडला नव्हता. आता तो भाग पुन्हा बघावा लागणार.

कुत्र्यांच्या विमानांबद्दल मात्र शब्द मागे घेत नाही.