सुई टोचण्याची जागाही विचारावी
मधुमेहींना औषधाच्या दुकानातच रक्तातील साखर मोजून मिळावी, ही सूचना योग्य आहे. मात्र एका वेळच्या आकड्यापेक्षा इन्सुलिन घेण्याची पद्धत तपासणे मला अधिक मोलाचे वाटते. त्याच त्याच जागी सुई टोचत राहिल्यास त्वचेखाली चरबीच्या गाठी तयार होतात, तेथून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते आणि साखर आटोक्यात येत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते. पुढे रुग्ण निरोगी जागी टोचू लागला, की तीच वाढीव मात्रा साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते.

जागा बदलता का, सुई पुन्हा वापरता का, एवढे विचारण्याची संधी डॉक्टरांपेक्षा फार्मासिस्टलाच अधिक वेळा मिळते. इन्सुलिन नियमित नेणारा रुग्ण सुया फारच कमी नेत असेल, तर तेही प्रथम त्यांच्याच लक्षात येऊ शकते.