मदत हवी आहे: गोल्फ पार बसलाय, चेंडू उजवीकडे पळतो

बोगीबहाद्दर
गेल्या मोसमात ऐंशीच्या घरात फटके घेऊन फेरी संपवत होतो. आता शंभरच्या आत येताना दमछाक होते. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) मारला की चेंडू जरा डावीकडून निघतो आणि मग असा काही उजवीकडे वळतो की थेट झाडीत. आयर्नही (कमी अंतराचे क्लब) तेच करतात, फक्त कमी प्रमाणात. पटिंग (चेंडू भोकात ढकलणं) ठीक आहे, त्यावर सल्ला नको. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत. रविवारी स्पर्धा आहे. काय करू ते थोडक्यात आणि लवकर सांगा.

जुना_गडी
हा सरळसरळ स्लाइस आहे (उजव्या खेळाडूचा उजवीकडे वळणारा फटका). ग्रिप (पकड) मजबूत करा, म्हणजे घट्ट नव्हे, वरचा हात जास्त वळवा; त्याच्या तीन नकल (मुठीचे सांधे) दिसल्या पाहिजेत. क्लब बाहेरून आत ओढताय तो आतून बाहेर न्या. चेंडू थोडा मागे ठेवा. आमच्या वेळी एवढ्यावर काम व्हायचं, व्हिडिओ बघत बसावं लागत नसे.

बोगीबहाद्दर
हे सगळं आधीच करतोय. जितकं जास्त करतो तितका चेंडू जास्त वळतो. म्हणून तर इथे विचारलं.

चिपपुट
ड्रायव्हर किती लॉफ्टचा (पुढच्या बाजूचा तिरकेपणा)? शाफ्ट (दांडा) कोणता? लांबी? हल्ली दुकानात येणारे ड्रायव्हर हौशी माणसासाठी लांबच असतात. नियमात ४८ इंच चालतं, स्पर्धांना २०२२पासून ४६ची मर्यादा घालण्याची मुभा आहे, पण आपल्याला ४४ पुरे. मी माझा कापून घेतला तेव्हापासून झाडीशी संबंध संपला.

बोगीबहाद्दर
१०.५ अंश, शाफ्ट रेग्युलर. ड्रायव्हर तोच आहे जो गेल्या वर्षी होता. तेव्हा सरळ जायचा.

चिपपुट
मग क्लबच्या मुठीवरचं, ग्रिपचं रबर गुळगुळीत झालं असेल. बदलून बघा.

अनुजा१८
त्यांनी आयर्नचंही सांगितलंय हो. सगळ्या क्लबांचं रबर एकाच महिन्यात कसं जाईल?
बहाद्दर, चेंडू फेसवर (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) नेमका कुठे लागतो ते पाहिलंत का? पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मिळतो, तो ड्रायव्हरच्या फेसवर मारा आणि पाच-सहा चेंडू मारून ठसे बघा. ड्रायव्हरच्या टाचेकडे (दांड्याजवळ) लागला तर चेंडू स्लाइसकडे झुकतो, टोकाकडे लागला तर हुककडे, म्हणजे उलट्या बाजूच्या वळणाकडे. स्विंग चांगला असूनही हे होतं.

जुना_गडी
फेस बिस सोडा. चेंडू निघतो स्विंगच्या दिशेने आणि मग फेस जिकडे बघतोय तिकडे वळतो. हा डावीकडे निघतोय म्हणजे स्विंग डावीकडे, फेस उजवीकडे उघडा. झालं निदान.

फेअरवेफकीर
काका, हे खूप वर्षं असंच शिकवलं गेलं, पण रडारने मोजायला लागल्यावर उलटं निघालं. चेंडू निघताना मुख्यतः फेसचं ऐकतो. ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के, आयर्नला ७५. वळतो तो फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. म्हणजे इथे फेससुद्धा लक्ष्याच्या डावीकडेच आहे, मार्ग त्याहून जास्त डावीकडे.

जुना_गडी
रडार येण्याआधी लोक सरळ मारत नव्हते का?

फेअरवेफकीर
मारत होते. कारण चुकीचं सांगायचे, हात बरोबर करायचे.

रफमधला_राजा
मला वाटतं हे डोक्यात आहे. इयन बेकर-फिंच आठवा, १९९१ला ओपन (ब्रिटनमधली मोठी स्पर्धा) जिंकला आणि १९९७च्या ओपनला पहिल्या दिवशी ९२ फटके मारून बाहेर पडला. त्याच्या रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) स्विंगमध्ये कुणाला खोट दिसत नसे. टीवर (होलचा पहिला फटका मारायची जागा) उभं राहिलं की संपलं. महिनाभर क्लबला हात लावू नका, आपोआप येईल.

बोगीबहाद्दर
रविवारी स्पर्धा आहे. महिनाभर कुठून आणू? आणि माझं रेंजवरसुद्धा हेच होतं.

वाटसरू७२
बॅग खांद्यावर घेऊन चालता का? ट्रॉली ढकला. अर्ध्या फेरीनंतर खांदे दमतात आणि माणसाला वाटतं स्विंग गेला.

फेअरवेफकीर
बहाद्दर, दोन गोष्टी सांगा. एक, वरच्या हाताच्या, म्हणजे डाव्या हाताच्या, खाली बघितल्यावर किती नकल दिसतात? दोन, टीवर पाय कुठे रोखून उभे राहता?

बोगीबहाद्दर
वरचा हात डावा कसा? माझा वरचा उजवा. त्याच्या तीन दिसतात, कधी साडेतीन. पाय थोडे डावीकडे रोखतो, साहजिकच आहे, चेंडू उजवीकडे जातो ना.

अनुजा१८
थांबा थांबा. तुम्ही डावखुरे खेळता?

बोगीबहाद्दर
हो. का? क्लबमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

अनुजा१८
इथे कुणाला माहीत होतं?

रफमधला_राजा
😂 डावखुऱ्याचा उजवीकडे वळला तर तो हुक! दिवसभर आपण हुकवाल्याला स्लाइसचं औषध पाजतोय.

जुना_गडी
हे आधी सांगायला काय झालं होतं? माझा सल्ला उजव्या माणसासाठी बरोबरच होता.

वाटसरू७२
डावखुऱ्यांवरून आठवलं, नामांकित गोल्फर फिल मिकल्सन एरवी उजव्या हाताचाच आहे. लहानपणी वडिलांच्या समोर उभं राहून आरशासारखी नक्कल करत शिकला म्हणून डावा खेळतो. मेजर (चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकणारा पहिला डावखुरा मात्र बॉब चार्ल्स, १९६३ची ओपन. त्यानंतर थेट २००३, माइक विअर, मास्टर्स. चाळीस वर्षं मध्ये कुणी नाही!

चिपपुट
बबा वॉटसन विसरलात. दोन मास्टर्स.

फेअरवेफकीर
मास्टर्सचं नंतर बघू. बहाद्दर, तुमचं आता नीट लागतंय. याआधी तुमचा चेंडू डावीकडे जायचा का? म्हणजे तुमचा खरा स्लाइस?

बोगीबहाद्दर
हो, दोन-तीन वर्षांपूर्वी. मग ग्रिप मजबूत केली, आतून बाहेर मारायला शिकलो, सुंदर ड्रॉ (उजवीकडे हलकं वळण) यायला लागला. त्यावरच गेला मोसम निघाला.

फेअरवेफकीर
तोच ड्रॉ वाढत वाढत हुक झालाय. क्रम असा असणार: एक दिवस ड्रॉ जरा जास्त वळला. पुढच्या वेळी तुम्ही उजवीकडची झाडी टाळायला पाय डावीकडे रोखले. खांदेही पायांबरोबर वळले, त्यामुळे स्विंगचा मार्ग आणखी डावीकडे गेला. हातांना मात्र चेंडू लक्ष्यावर आणायचाच असतो, ते फेस बंद करतात, म्हणजे उजवीकडे वळवतात. मार्ग आणि फेस यातला फरक वाढला, वळण वाढलं, म्हणून तुम्ही अजून डावीकडे उभे राहिलात. उजव्या हाताच्या स्लाइसवाल्याचंही नेमकं हेच होतं. उजवीकडे जातो म्हणून डावीकडे रोखतो, तिकडेच ओढतो, आणि स्लाइस फुगत जातो.
आयर्न कमी वळतात त्याचं कारण लॉफ्ट. लॉफ्ट जास्त असला की तेवढ्याच फरकाने चेंडू कमी वळतो.
करायचं असं. रेंजवर दोन काठ्या जमिनीवर ठेवा, एक लक्ष्याकडे, दुसरी तिला समांतर पायांच्या रेषेत. सुरुवातीला तुम्हाला वाटेल की आपण भलतीकडेच, उजव्या झाडीकडे तोंड करून उभे आहोत. वाटू द्या. चेंडू मागे सरकला असेल तर ड्रायव्हरला पुढच्या पायाच्या टाचेच्या रेषेत आणा. मागे असला की क्लब अजून आतून येत असतानाच चेंडूला भेटतो. ग्रिप साडेतीनवरून अडीच नकलांवर, एकदम एकवर नको.

अनुजा१८
सहमत. फक्त ग्रिप स्पर्धेआधी बदलू नये असं माझं मत. पायांची रेषा आणि चेंडूची जागा आज बदलता येते. ग्रिप हातात बसायला वेळ लागतो, मध्येच टीवर शंका आली की संपलं.

फेअरवेफकीर
ग्रिप तशीच ठेवली तर फेस बंद होतच राहणार. पण रविवारपुरतं तुमचं मान्य.

जुना_गडी
रेंजवर चटईवर मारू नका, गवतावर मारा. चटईवर आधी जमीन लागली तरी क्लब घसरून पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. हे तरी डाव्या-उजव्याला सारखंच आहे.

फेअरवेफकीर
काका, हे शंभर टक्के.

रफमधला_राजा
मला एक सांगा, एवढे खराब स्कोअर टाकले तर हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, कमी तेवढा चांगला) किती वर जाईल? माझंही चालू आहे तेच.

चिपपुट
शेवटच्या २० फेऱ्यांपैकी चांगल्या ८ धरतात, त्यामुळे लगेच नाही चढत. वर्षातल्या सर्वात कमी आकड्यापेक्षा ३ने वाढलं की पुढची वाढ निम्मीच धरतात आणि ५च्या वर जाऊच देत नाहीत.

बोगीबहाद्दर
आज संध्याकाळी काठ्या ठेवून पाहिलं. पहिले काही चेंडू भयंकर गेले, काठ्यांप्रमाणे उभा राहिलो की आपण तिरके उभे आहोत असंच वाटतं. नंतर सहा नंबरचा आयर्न बराच सरळ जायला लागला, बारीक ड्रॉ. ड्रायव्हर अजून वळतो, पण झाडीपर्यंत नाही, रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) थांबतो. स्प्रेचे ठसे टोकाकडे आले, तेवढं वेगळं. रविवारी ड्रायव्हर काढू की नको?

अनुजा१८
टोकाकडे म्हणजे चेंडूपासून थोडे लांब उभे राहता किंवा मारताना उठता. हुकमध्ये थोडी भर त्याचीही आहे. अर्धा इंच जवळ उभं राहून बघा.
अरुंद होलवर ड्रायव्हर नको, हायब्रिड (ड्रायव्हर आणि आयर्नच्या मधला क्लब) मारा. रुंद होलवर काढा, नाहीतर भीती तशीच राहील. स्ट्रोक प्ले (एकूण फटके मोजतात ती) स्पर्धा आहे का?

बोगीबहाद्दर
स्टेबलफर्ड, प्रत्येक होलला गुण.

जुना_गडी
मग कसली काळजी करता? एखाद्या होलवर बट्ट्याबोळ झाला तर शून्य गुण, चेंडू उचला आणि पुढच्या टीवर चला. आणि झाडीत गेलाच तर तीन मिनिटंच शोधा. २०१९पासून पाच मिळत नाहीत, मागचे लोक खोळंबतात.