मदत हवी आहे : १८ व्होल्टच्या ड्रिल बॅटरी पॅकमध्ये सेलची एकच जोडी १.६ व्होल्टवर

कॉर्डलेस ड्रिलचा ४ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेचा पॅक आहे. आत १८६५० आकाराचे लिथियम सेल, पाच जोड्या सिरीजमध्ये. पावसाळाभर उतरलेलाच पडून होता. आता चार्जरवर लावला की लाल-हिरवा दिवा लगेच लुकलुकतो, चार्जिंग सुरूच होत नाही.

कॉन्टॅक्ट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसले. दुसरा पॅक त्याच चार्जरवर नीट भरतो, म्हणजे चार्जर ठीक. उघडून मोजलं : चार जोड्या ३.५२ ते ३.५५ व्होल्ट, मायनसकडची पहिली १.६ व्होल्ट. फुगवटा, गळती, वास काही नाही. पॅकमधल्या सर्किट बोर्डाला सप्लाय याच जोडीवरून जातो, म्हणून तीच उतरली असावी.

दुसऱ्या पॅकवरून वायर जोडून ‘जागं’ करायचा सल्ला कृपया नको. इतक्या खाली गेलेल्या सेलमध्ये आतली तांब्याची फॉइल विरघळायला लागू शकते आणि चार्ज करताना ते तांबं साचून आतच शॉर्ट होऊ शकतं. आज चालेल, पुढे कधीतरी चार्जरवर असताना पेटू शकेल.

स्पॉट वेल्डर (सेलला धातूची पट्टी जोडायचं मशीन) नाही, सेलला थेट सोल्डर करणार नाही. जुन्या चार जोड्यांत एक नवी घालणंही मला पटत नाही, त्यामुळे पॅक भंगारातच. सध्या टर्मिनलला टेप लावून, कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर.

२०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची, पण इथला डीलर घेत नाही आणि कुरिअरवालेही नाही म्हणतात.

केंद्रावर नेण्याआधी उरलेल्या चार जोड्या एकेक करून रेझिस्टरवर उतरवाव्यात, की आहे तशाच ठेवाव्यात? आणि सांगली-कोल्हापूर भागात उघडलेला लिथियम पॅक घेणारं अधिकृत केंद्र कुठे आहे?